अलर्टचं निळं कार्ड

ब्रिजच्या टेबलावर माणसाला फक्त ३८ शब्द बोलता येतात. एक किलवरपासून सात नो ट्रम्पपर्यंत ३५ बोल्या, शिवाय पास, डबल आणि रिडबल. हातात १३ पत्ते, आणि त्यांची सगळी हकिगत समोरच्या भिडूला एवढ्याच शब्दांत सांगायची. साहजिकच खेळाडूंनी शब्दांना नवे अर्थ दिले. आमच्याकडे एक नो ट्रम्पवर भिडू ‘दोन चौकट’ म्हणाला, तर त्याचा चौकटशी काही संबंध नसतो. ‘माझ्याकडे किमान पाच बदाम आहेत, तू दोन बदाम म्हण,’ असा त्याचा अर्थ. याला ट्रान्सफर म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, ही तर मेंढीकोटातली खाणाखुण झाली! नाही. ब्रिजमध्ये गुपित ठेवायला बंदी आहे. बोलीचा अर्थ नेहमीचा नसेल, तर बोलणाऱ्याच्या भिडूने अलर्टचं कार्ड दाखवायचं. मग प्रतिस्पर्ध्यांनी हवं तर विचारावं. बोलणाऱ्याने स्वतः मात्र गप्प राहायचं, नाहीतर भिडूलाच आठवण करून दिल्यासारखं होईल. ऑनलाइन खेळात उलट आहे. तिथे आपल्याच बोलीचा अलर्ट आपण देतो, कारण तो भिडूला दिसत नाही. देशोदेशी नियम थोडे बदलतात. अमेरिकेत याच बोलीला भिडू ‘ट्रान्सफर’ असं मोठ्याने सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझे भिडू होते नाना, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी एक नो ट्रम्प म्हणालो, नाना दोन चौकट. मी ठरल्याप्रमाणे दोन बदाम म्हणालो, पण निळं कार्ड दाखवायचं साफ विसरलो. पुढे तिघांचे पास. डावीकडच्या बाई पहिला पत्ता काढणार, तेवढ्यात मला आठवलं. उतारी होण्याआधी चूक सांगायची, हा नियम मला पाठ होता. तरी मी पत्त्यांत डोकं घालून बसलो. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ना!

“थांबा,” नाना म्हणाले. “माझ्या बोलीला अलर्ट हवा होता. डायरेक्टरना बोलवा.”

डायरेक्टरने उजवीकडच्या गृहस्थांना शेवटचा पास बदलायची मुभा दिली. त्यांना ती नको होती. मग बाजूला नेऊन विचारलं, आधी कळलं असतं तर काय केलं असतं? त्यांच्याकडे चौकटचे राजा, राणी, गुलाम होते. दोन चौकट खोटी आहे हे कळलं असतं, तर त्यांनी तिथेच डबल दिला असता. म्हणजे बाईंना चौकटची उतारी करायचा इशारा मिळाला असता. बाईंनी इस्पिक उतरलं आणि माझे बरोबर आठ हात झाले. चौकट आलं असतं तर सातच होत होते. डाव संपल्यावर डायरेक्टरने गुण बदलले. आम्ही एका हाताने बुडालो, असं धरलं.

परतताना नाना स्कूटरवर मागे बसले होते. सिग्नलला म्हणाले, “कार्ड विसरलास, ते ठीक. पण तुला आठवलं होतं ना रे?”

मी गिअर टाकला. पुढच्या रविवारी नानांनी दोन चौकट म्हणताच मी कार्ड इतक्या जोरात आपटलं, की शेजारच्या टेबलावरच्यांनी डायरेक्टरला बोलावलं.