झाडाचं दुखणं आणि तंबाखूचं पान



कागल सोडून दूधगंगा ओलांडली की आमचं कोगनोळी लागतं.

प्रदूषित हवेनं पाइनची झाडं कशी खंगतात, हा आजच्या परिषदेचा विषय. पाइन आमच्या शिवारात नाही. तरीही ही परिषद इथं भरावी असा आग्रह मी धरला, कारण पाइनचं दुखणं आणि आमच्या निपाणी भागात पिकणारा तंबाखू यांचं नातं जुनं आहे.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसपासून शंभरएक किलोमीटरवर सॅन बर्नार्डिनोचे डोंगर आहेत. १९५०च्या दशकात तिथले पाँडेरोसा पाइन पिवळे पडू लागले. कारण निघालं ओझोन. तो गाडीच्या नळकांड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाची वाफ यांच्यावर ऊन पडलं की तो तयार होतो आणि वाऱ्यानं दूर जातो. त्यामुळे धूर शहराचा आणि आजार डोंगराचा. पाइनची सुईसारखी पानं झाडावर काही वर्षं टिकतात. ओझोन रंध्रांवाटे आत शिरून हरितद्रव्य नासवतो, इजा साठत जाते आणि पानं अकाली गळतात. अशक्त झाडाची राळ आटते, मग सालीखाली भुंगेरे शिरतात. लोकांना वाटतं, झाड किडीनं मेलं.

त्याच काळात अमेरिकेत तंबाखूच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके येत होते. १९५९ साली हेगस्टॅड आणि मिडलटन यांनी त्याचंही कारण ओझोन असल्याचं दाखवलं. पुढे 'बेल-डब्ल्यू ३' ही ओझोनला नाजूक असलेली तंबाखूची जात अनेक देशांत हवा तपासायला लावली गेली. ज्या पिकावर आमची घरं उभी राहिली, ते हवेची साक्ष देतं, हे कळलं तेव्हा मला फार अभिमान वाटला.

आमच्या गावावरून पुणे-बंगळूर महामार्गाचे मालट्रक रात्रंदिवस धावतात. कडेच्या आंब्याचिंचांवर धुळीचा थर बसतो, तो डोळ्यांना दिसतो. ओझोन दिसत नाही.

म्हणून परिषदेच्या अध्यक्षांना विनंती आहे. इथं जमलेल्या तज्ज्ञांनी महामार्गालगतच्या शाळांना ही नाजूक तंबाखूची रोपं मिळवून द्यावीत, मुलांना ठिपके मोजायला शिकवावं आणि तसा ठराव आजच करावा. रोपांना जागा आणि पाणी आम्ही गावकरी देऊ.