घरी ब्रॉडबँड घेण्यापूर्वी
(शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



खेड्यातील शिक्षकाच्या घरी रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असे, तो बहुधा वह्या तपासण्यासाठी. आज वह्यांच्या जोडीला युडायस प्लसची माहिती, २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरील अभ्यासक्रम आणि वरिष्ठ कार्यालयांनी मागविलेली नाना प्रपत्रे येऊन बसली आहेत. शाळेत इंटरनेटची जोडणी नसेल, अथवा असून नसल्यासारखी असेल, तर हे सारे शिक्षकाला घरीच उरकावे लागते. हे योग्य की अयोग्य हा प्रश्न निराळा, आणि तो विचारण्यासारखाही आहे. परंतु जोवर काम घरी येते, तोवर घरची जोडणी भरवशाची असणे अगत्याचे आहे.

तालुक्यापासून दूरच्या एका गावातील शिक्षकाची हकीकत येथे उपयोगी पडेल. या गुरुजींपुढे दोन जाहिराती होत्या. एकीत सेकंदाला ५० मेगाबिटांचा वेग, तर दुसरीत तेवढ्याच पैशांत १०० मेगाबिटांचा; शिवाय वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास दोन महिने फुकट. त्यांनी दुसरी पत्करली. दिवाळीपर्यंत सर्व सुरळीत चालले. पुढे उसाचा हंगाम सुरू झाला आणि रस्त्यावरून आडवी नेलेली केबल उंच भरलेल्या ट्रॉलीने ओढून तोडली. कंपनीकडे तक्रार नोंदली गेली, ‘चोवीस तासांत’ असे उत्तरही आले. माणूस आला तो अकराव्या दिवशी. त्या अवधीत माहिती भरण्याची मुदत संपत आली. शाळा सुटल्यावर मोटारसायकलने तालुक्याला जावे, तेथे पैसे मोजून संगणकापुढे बसावे आणि रात्री परतावे, असा गुरुजींचा क्रम झाला. बारावीतील मुलीचा अभ्यास खोळंबला तो वेगळाच. शेजारच्या आळीतील ५० मेगाबिटांची जोडणीही त्याच ट्रॉलीने तोडली होती. ती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. कारण ती सांभाळणारा तरुण गावातच राहत होता आणि फायबर जोडण्याचे यंत्र त्याच्या घरी होते.

जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरांत असतो, आणि दुरुस्ती कोण करणार हे त्यात कोठेच नसते. वस्तुतः वेगाची अडचण आता फारशी उरलेली नाही. ब्रॉडबँड म्हणविण्यासाठी लागणारा किमान वेग केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिटांवर नेला. चित्र आणि आवाजासह चालणाऱ्या ऑनलाइन सभेला साधारणतः दोन ते चार मेगाबिट पुरतात. चार माणसांच्या घरात तीस-चाळीस मेगाबिट नीट मिळाले, तर शिक्षकाचे काम अडत नाही. मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, हेही ध्यानात असावे. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. विक्रेता हा भेद आपण होऊन सांगत नाही.

खरी चौकशी करावयाची ती केबलच्या वाटेची. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळालेल्या योजनेतून अनेक ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोहोचले आहे. तथापि ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतची तार बहुधा स्थानिक माणूस ओढतो. भारत संचार निगमची फायबर सेवाही पुष्कळ ठिकाणी अशा स्थानिक भागीदारांमार्फत दिली जाते. बिलावर नाव एकाचे आणि खांबावर चढणारा दुसरा, असा हा व्यवहार असतो. या दुसऱ्या माणसाची पारख आधी व्हावयास हवी. तो कोठे राहतो? त्याच्या हाताखाली किती माणसे आहेत? फायबर जोडण्याचे यंत्र त्याच्यापाशी आहे, की दर वेळी ते तालुक्याहून मागवावे लागते? तार खांबावरून आली असेल तर रस्ता ओलांडताना ती किती उंच आहे? जमिनीखालून आली असेल तर त्या रस्त्याचे रुंदीकरण व्हावयाचे आहे काय? खोदाईचे यंत्र फायबरची गय करीत नाही.

शेजाऱ्यांना ‘नेट कसे आहे?’ असे विचारून उपयोग नाही. ‘बरे आहे’ असेच उत्तर मिळते. गेल्या पावसाळ्यात ते किती दिवस बंद होते आणि तक्रारीनंतर माणूस कितव्या दिवशी आला, असे विचारावे. अशी तीन घरे धुंडाळली, की जाहिरातीचा निकाल लागतो.

विजेची गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फायबरमधून येतो तो प्रकाश. परंतु घरातील पेटी विजेवर चालते. वीज गेली की पेटी बंद. १२ व्होल्टच्या पेट्यांसाठी लहान बॅटरी बाजारात मिळते. पेटीवरील आकडा पाहून ती घेतल्यास काही तास निभावतात. मात्र केबलवाल्याच्या खोलीतील यंत्रालाही बॅटरी नसेल, तर घरच्या बॅटरीचा उपयोग शून्य. म्हणून हा प्रश्न त्यालाही विचारावा. वीज असूनही पेटीवर तांबडा दिवा लुकलुकत असेल, तर तारेतून प्रकाश येत नाही असे समजावे आणि तक्रारीत तसे सांगावे.

पैशाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. जाहिरातीतील रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर चढतो. ठरावीक वापरानंतर वेग उतरतो काय, आणि पेटी कोणाच्या मालकीची, हे लेखी घ्यावे. पहिले तीन महिने तरी मासिक शुल्कच भरावे, आणि त्यात पावसाळ्याचा काही भाग आला तर उत्तम. पावती परवानाधारक कंपनीच्या नावाची असावी. नुसत्या चिठ्ठीवर तक्रार चालत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे, आणि निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क जाता येते. प्राधिकरण स्वतः एकेकाची तक्रार चालवीत नाही. तेव्हा क्रमांक टिपून ठेवावा. वरील गुरुजींनी तो टिपला नव्हता.

जेथे फायबर नाही, तेथे मोठ्या कंपन्यांनी २०२३ पासून आणलेली बिनतारी ५-जी घरगुती जोडणी पाहता येईल. ती घेण्यापूर्वी त्याच कंपनीचे ५-जी सिम असलेला कोणाचा तरी फोन घरी आणून रात्री नऊच्या सुमारास, चार-पाच दिवस, वेग मोजावा. दुपारी मोजलेला वेग फसवा असतो. त्या वेळी गाव शेतात असते.

जोडणी कितीही चांगली निघाली, तरी ती कधीतरी तुटणारच. म्हणून मुदतीच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचे एक सिम घरात चालू ठेवावे, आणि माहिती शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नये; त्या रात्री घरची तार शाबूत असली, तरी पलीकडचे संकेतस्थळच पुष्कळदा उघडत नाही.