धुराची वाट



"कॉम्प्युटर सोडून काहीतरी बोल," असं संयोजकांनी बजावलंय, म्हणून आज एका नळीबद्दल बोलते.

अमेरिकेत हौशी माणसं गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधतात. निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी झालेलं असेल, तर त्याला 'प्रायोगिक' वर्गात परवाना मिळतो. अशाच एका विमानाच्या कामात मी सुट्टीच्या दिवशी मदत करते. तिथे सगळ्यात जास्त वाद झाला तो इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपवरून, म्हणजे आपल्या भाषेत सायलेन्सरच्या नळीवरून.

या नळीतून जाणारा वायू साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. माइल्ड स्टील स्वस्त आणि वेल्डिंगला सोपं. पण एवढ्या उष्णतेत त्याचे पापुद्रे सुटतात आणि नळी झिजते. स्टेनलेसमधलं ३०४ म्हणजे आपल्या चांगल्या भांड्यांचं स्टील, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं. पण फार वेळ तापत राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला पकडतो. मग धातूच्या कणांच्या सीमेवर क्रोमियम कमी पडतं आणि तिथून गंज, तडे सुरू होतात. ३२१ मध्ये थोडं टायटॅनियम असतं. कार्बन त्याला चिकटतो आणि क्रोमियम वाचतं. इन्कोनेल याहून सरस, पण महाग. आम्ही ३२१ घेतलं.

मग प्रश्न लेपाचा. नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली की आजूबाजूच्या वायरी आणि होस थंड राहतात, पण आत कोंडलेल्या उष्णतेने धातू जास्त तापतो. शिवाय पट्टीखालचा तडा दिसत नाही. सिरॅमिक लेप त्यापेक्षा बरा, तरी बाहेरूनच दिला तर उष्णता आतच राहते. म्हणून आम्ही नळी उघडीच ठेवली आणि होसजवळ तेवढे पत्र्याचे आडोसे लावले.

शाळेतला गोळा आणि कड्याचा प्रयोग आठवतो? तापलेला गोळा कड्यातून जात नाही. एक मीटर स्टेनलेसची नळी ७०० अंशांनी तापली की सुमारे १२ मिलिमीटर लांबते. म्हणून जोड घट्ट वेल्ड न करता काही ठिकाणी सरकते ठेवावे लागतात. आणि गंमत म्हणजे, ज्या पेन्सिलीने आपण लिहायला शिकलो, तिने या नळीवर खूण करायची नाही. तापल्यावर ती खूण धातूत मुरते आणि तिथेच तडा जाऊ शकतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी? विमानाचा हीटर या नळीभोवतीच्या आवरणातून हवा घेतो. नळीला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला वास नाही, रंग नाही. जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला याचं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. ते कारखान्यात बनलेलं विमान होतं. तरीही त्याच्या रक्तात या वायूचं प्रमाण ५८ टक्के आढळलं. म्हणून आमच्या विमानात वायूची सूचना देणारं यंत्र आहे आणि आम्ही टॉर्च घेऊन नळीवरचे राखाडी ओघळ शोधतो.

तुमच्यापैकी विमान कुणी बांधणार नाही, पण गॅस गिझर बऱ्याच जणांकडे असेल. वायू तोच आहे. गिझर बाथरूमच्या आत असेल, तर घरी गेल्यावर तो बाहेर घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. पुढच्या मेळाव्याला आपण सगळे भेटायला हवेत.