फुटाला एक इंच

आम्ही पैठणच्या एका बचत गटातल्या सहाजणी. चौघी शिवणकाम करतो, एक पैठणी विणते आणि एक शाळेच्या मुलांना प्रकल्पांची मॉडेलं करून देते. आज आम्ही एका गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी पंधरा इंच लांब आहे, मरून रंगाची आहे, आणि ती आम्ही घरात बसून बनवली आहे.

गाडी म्हटलं की बायका रेडिओ बंद करतात, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. तुम्ही करू नका. ही गाडी कॉन्टेसा आहे, आणि पैठण-पाचोड-शेवगाव भागातल्या कितीतरी नवऱ्या मुली हिच्यासारख्याच कॉन्टेसातून सासरी गेल्या. आमच्या सहाजणींपैकी तिघी तर ह्याच गाडीतून गेल्या.

आधी गाडीची थोडी ओळख. कॉन्टेसा बनवली हिंदुस्तान मोटर्सनं, कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला, ॲम्बॅसॅडर जिथं बनायची तिथंच. १९८४ मध्ये आली, २००२ मध्ये बंद झाली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सॉल कंपनीच्या व्हीएक्स गाडीचा. ती तिकडे १९७८ मध्ये बंद पडली आणि तिच्यावरून आपल्याकडे ही तयार झाली. पुढचं बॉनेट लांबलचक, अंग रुंद, बसकी ऐट. म्हणून शौकीन लोक तिला भारताची मसल कार म्हणतात.

मसल कार म्हणजे पैलवान गाडी म्हणा. अमेरिकेत १९६४ मध्ये पाँटियाक कंपनीनं मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं दांडगं इंजिन बसवलं, तिचं नाव जीटीओ. तिथून ही लाट सुरू झाली. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग आली. आपल्या कॉन्टेसाला सुरुवातीला होतं ॲम्बॅसॅडरचंच दीड लिटरचं इंजिन, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. म्हणजे अंग पैलवानाचं आणि दम शाळामास्तरांचा! पुढे इसुझू ह्या जपानी कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा कुठं ती अंगाला शोभेल अशी पळू लागली.

अमेरिकेत अशा गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जुळवायचा छंद फार मोठा आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यात मिळतात, प्रमाण बहुधा पंचविसाला एक. एएमटी नावाच्या कंपनीचे तर असे संच असायचे की एकाच खोक्यातून तीन तऱ्हेची गाडी करता येई: कारखान्यातून निघाली तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मनासारखी बदललेली. हे तिसरं आम्हाला फार आवडलं. कारण कारखान्यातून निघाली तशी गाडी फार दिवस कुणाच्या दारात राहतच नाही. कुणी पडदे लावतं, कुणी रंग बदलतं, कुणी पुढं लिंबू-मिरची बांधतं.

आता आमच्या गाडीकडे येतो. ही आमच्या गटातल्या वहिनींच्या घरची. १९९३ सालची, दादांनी जुनी विकत घेतलेली. तेव्हा पांढरी होती. पांढऱ्या गाडीला वरातीत उठाव येत नाही म्हणून दादांनी ती मरून करून घेतली. मागच्या काचेला सोनेरी झालरीचे पडदे लावले. लग्नसराईत ओळखीपाळखीच्या घरी ती जायची, पेट्रोलपुरते पैसे घेऊन. पुढे दादांचं कमरेचं दुखणं वाढलं, गाडी अंगणात उभी राहिली. २०२३ मध्ये नोंदणीची मुदत संपली. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली होती, वर टायर, बॅटरी, रंगकाम. शेवटी गाडी द्यायचं ठरलं. गिऱ्हाईकानं विसार दिला आणि आठ दिवसांनी घेऊन जातो म्हणाला.

वहिनी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला ही गाडी लहान करून द्या. पण हीच. दुसरी नको." 

बाजारात कॉन्टेसाचा तयार संच आम्हाला मिळाला नाही. मिळाला असता तरी ती "हीच" झाली नसती. हातात आठ दिवस होते, आणि गाडी बनवण्याआधी ती पूर्ण मापून घ्यायची होती. एकदा गेली की टेप कशाला लावणार?

प्रमाण ठरवायला वेळ लागला नाही. फुटाला एक इंच, म्हणजे बाराला एक. शिवणकामाच्या टेपवर हिशोब सरळ बसतो. गाडी पंधरा फूट, प्रतिकृती पंधरा इंच. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत आठ फूट नऊ इंच, ते झाले पावणेनऊ इंच. टायर दोन फुटांचा, तो दोन इंचांचा. पंचविसाच्या प्रमाणात हा हिशोब करून बघा, डोकं धरून बसाल.

सरळ मापं अर्ध्या दिवसात झाली. अवघड होतं ते बाक. गाडीचं टप सपाट दिसतं, पण ते चारी बाजूंनी किंचित उतरतं. बॉनेटला मधे उंचवटा आहे, दारं पोटाला फुगीर आहेत. ब्लाऊज शिवणाऱ्यांना हे सांगायला नको. सपाट कापड गोलाईवर बसवायचं तर टक्स लागतात, आणि टक्स कुठं घ्यायचे ते अंगावर माप घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही गाडीवर जुने पेपर पसरले, जिथं चुणी पडली तिथं पेन्सिलीनं खूण केली. वीजकामाची जाड ॲल्युमिनियमची तार टपावर आडवी दाबून वाकवली, ती अलगद उचलून अंगणात ठेवली आणि तिच्या कडेनं खडूनं रेघ ओढली. अंगणात आधीच फुटाफुटावर ठिपके काढून ठेवले होते, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. घरात आलेख कागदावर इंचाइंचावर ठिपके. कुठली रेघ कुठल्या ठिपक्याच्या किती जवळून जाते ते आमच्या विणकर मैत्रिणीनं असं झरझर उतरवलं की आम्ही बघत राहिलो. पैठणीचा नक्शा कागदावरून धाग्यावर आणायची तिची रोजची सवय. असे अकरा काप घेतले, बंपरपासून डिकीपर्यंत.

हे अकरा काप म्हणजे गाडीच्या बरगड्या. जाड पुठ्ठ्याच्या कापल्या, मधल्या कण्यात खोचल्या, वरून ड्रॉइंग शीटच्या पट्ट्या चिकटवल्या. एक लक्षात ठेवा, पांढऱ्या डिंकात पाणी असतं आणि पाण्यानं पुठ्ठा वाकतो. डिंक पातळ लावायचा, वजन ठेवून रात्रभर वाळवायचा, आणि सगळा सांगाडा तयार झाल्यावर आत-बाहेर सँडिंग सीलरचा हात द्यायचा. मग गॅरेजवाले भरतात ती लांबी, तीही पातळ. घासायचं पाण्याच्या पॉलिश पेपरनं, आधी ३२० नंबर, मग ६००, शेवटी १०००. हे काम कंटाळवाणं आहे, आणि तेवढ्यावरच सगळं अवलंबून आहे.

लहान करताना काही गोष्टी प्रमाणात येतच नाहीत. गाडीचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. त्याचा बारावा हिस्सा म्हणजे वहीच्या कागदाहूनही पातळ. तसं काही उभं राहणार नाही. म्हणून अंग जाडच ठेवायचं आणि फक्त जिथं कड दिसते तिथं, चाकावरच्या कमानीला, दाराच्या काठाला, ते आतून घासून पातळ करायचं. दारांमधली फट खऱ्या गाडीत दोन सूत, आपल्याकडे अर्धा मिलिमीटर. ती धारदार सुरीच्या मागच्या बाजूनं ओढायची. फट रुंद झाली की गाडी लगेच खेळण्यातली वाटायला लागते.

बाकी सामान घरातलंच. काचांना साडीच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. टायर जुन्या स्लिपरच्या तळाचे, चांभारकाकांनी पंचनं गोल कापून दिले. गाडीच्या कडेनं जाणारी चकाकती पट्टी ही रुपेरी जरीची, विणकर मैत्रिणीच्या मागावरून उरलेली. मागच्या दिव्यांना लाल नेलपॉलिशचे तीन हात. आरसा सुटलेल्या टिकल्यांचा.

आता खरी गंमत. गाडी आतून कशी होती ते दाखवायला फोटो हवे होते. घराघरातून लग्नाचे अल्बम मागवले. नऊ अल्बम आले. प्रत्येकात गाडी आहे आणि प्रत्येकात ती झेंडूच्या जाळ्यांखाली झाकलेली आहे! पुढची जाळी दिसत नाही, बॉनेट दिसत नाही. आतल्या बाजूला नवरी मान खाली घालून. मग आम्ही विचारायला निघालो. दादांना आणि त्यांच्या मित्रांना इंजिन, गिअर, ताशी वेग सगळं तोंडपाठ. पण मागच्या सीटबद्दल विचारलं की, "असते तशी होती." मागच्या सीटची माहिती मिळाली ती तिथं बसलेल्यांकडून. कव्हर टॉवेलच्या कापडाचं, फिकट निळं. मधे हात टेकायला गादी, तिची शिवण उसवलेली. आणि डावीकडच्या मागच्या दाराची काच. ती पूर्ण वर जायचीच नाही, वर दोन बोटं फट राहायची.

दादा म्हणाले, "छे, काच व्यवस्थित लागत होती." पण चार बायकांनी वेगवेगळ्या घरी, एकमेकींना न विचारता, तीच काच सांगितली. एकीच्या शालूवर पाचोडच्या रस्त्याची धूळ बसली होती. एकीचं लग्न जूनमधलं, तिच्या खांद्यावर पाऊस आला होता. नवरी मुलगी पहिल्याच दिवशी सासरच्या माणसांना काच लावा म्हणून कशी सांगणार? कुणीच कधी सांगितलं नाही, म्हणून इतकी वर्षं दादांना कळलं नाही. गाडी अजून अंगणातच होती. वहिनींनी दादांसमोर काचेची मूठ फिरवली. दोन बोटं फट. दादा बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले, मग एवढंच म्हणाले, "तशीच दाखवा." दोन बोटं म्हणजे दीड इंच, आपल्या प्रमाणात एक सूत. आमच्या गाडीची ती काच एक सूत उघडी आहे.

त्यानंतर दादा रोज संध्याकाळी यायला लागले. खुर्ची टाकून बसायचे आणि तपासायचे. बंपरच्या कोपऱ्यात मरून रंग उडून खालचा पांढरा दिसतो, तो त्यांनी स्वतः काडीनं काढला. ड्रायव्हरच्या जागी छोटा माणूस बसवावा असं आमच्यातल्या दोघींना वाटत होतं. आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यात, प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला ब्राँझचा बैलांचा रथ सापडला होता. तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. लांबी ४५ सेंटिमीटर, म्हणजे आमच्या गाडीपेक्षा तीन इंच जास्त, आणि त्यात हाकणारा माणूस उभा आहे, सोळा सेंटिमीटरचा. तेव्हा गाडीबरोबर गाडीवानही घडवायची रीत आपल्याकडे जुनीच. पण दादा नको म्हणाले. "वरातीत मी आत नसतो. बाहेर फडकं घेऊन उभा असतो." मग मागच्या सीटखाली एक पिवळं फडकं ठेवलं, नखाएवढं.

रंगाबद्दल दोन शब्द. गाडीचा मरून रंग संभाजीनगरला दुकानात जुळवून मिळाला, पण तो तसाच मारला तर लहान वस्तूवर काळपट दिसतो. थोडा लाल मिसळून उजळ केला. जाड एका हातापेक्षा पातळ चार हात. उन्हाळ्यात इथं दुपारी धुळीचा वारा सुटतो, म्हणून पहाटे, ओला कपडा टांगून. थिनरचा वास छातीत जातो आणि तो चटकन पेटतो. मोकळ्यावर काम करा, नाकाला मास्क लावा, चुलीपासून लांब राहा. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी तिथं थांबूही नये.

गाडी आठव्या दिवशी गेली. दादा त्या दिवशी कामाचं निमित्त काढून बिडकीनला गेले होते. प्रतिकृती पूर्ण व्हायला पुढे सात आठवडे लागले.

सामानाला साडेअकराशे रुपये लागले, तास लागले एकशे दहा, सगळ्यांचे मिळून. वहिनी आमच्यातल्याच, त्यांच्याकडून सामानाचे घेतले. पण त्यानंतर दोन कामं आली आहेत, एका आजोबांचा ट्रॅक्टर आणि एक लूना, आणि तिथं आम्ही तासांचे पैसे आधी सांगितले. एक गृहस्थ म्हणाले, एवढ्यात दुकानातून दहा गाड्या येतील. येतील ना, जरूर घ्या. त्यांच्या काचा नीट लागतात.

अशी वस्तू घरी असेल तर उन्हात ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना चिकटवलेलं सगळं सोडवतो. काचेच्या पेटीत ठेवा, धूळ मऊ ब्रशनं झटका, ओलं फडकं नको. वहिनींची गाडी टीव्हीशेजारी आहे. दादांची एक तक्रार अजून शिल्लक आहे. हॉर्न म्हणे दोन सुरांचा होता, तो कुठं दिसत नाही. लूनाचं काम झालं की बॉनेट उघडून तो बसवायचा आहे.