सर्व्हर बंद झाल्यावर



दीक्षान्त भाषण लांबलं की मागच्या रांगांत मोबाईल बाहेर निघतात, आणि त्यांवर बहुतेक वेळा आपल्याच धंद्याचा माल, म्हणजे गेम, चालू असतो. त्यामुळे माझी तक्रार नाही. फक्त आवाज बंद ठेवा.

आधी पालकांशी थोडं बोलतो. "मुलगी गेम बनवायला शिकते" असं सांगितल्यावर नातेवाइकांकडून काय ऐकावं लागतं, ते मला ठाऊक आहे. त्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक काका विचारायला लागला, "आता हिचं काय?" तर काकांना सांगा, त्या कायद्याने बंद झाले ते पैसे लावून खेळायचे खेळ. रमी, पोकर, पैशांच्या फँटसी लीग वगैरे. ई-स्पोर्ट्सना आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना त्याच कायद्यात वेगळं, मान्यतेचं स्थान दिलेलं आहे. तुमच्या मुलांना इथे चार वर्षं पत्ते पिसायला शिकवलेलं नाही.

नोकऱ्यांची काळजी मात्र खरी आहे, ती मी झाकणार नाही. मायक्रोसॉफ्टने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे 69 अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली आणि पुढच्याच जानेवारीत गेमिंग विभागातल्या 1900 लोकांना घरी पाठवायचं ठरवलं. एआयने आपला आवाज आणि हालचाली उचलू नयेत म्हणून अमेरिकेतले गेममध्ये काम करणारे कलाकार 2024 च्या जुलैपासून जवळजवळ वर्षभर संपावर होते. या दोन्ही विषयांवर तुमच्याशी सगळेच बोलतात, त्यामुळे मी बोलणार नाही. मी सर्व्हरच्या बाजूचा माणूस. दिवाळीच्या रात्री लोक फटाके उडवत असताना लोड किती वाढला ते बघत बसणारा. त्या खुर्चीतून जो वाद सर्वांत जवळून दिसतो, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. विकलेला गेम कुणाचा?

'द क्रू' नावाचा युबिसॉफ्टचा गाड्या पळवण्याचा गेम 2014 साली आला. अख्खी अमेरिका आक्रसून त्यात बसवली होती. न्यूयॉर्कहून निघायचं आणि मध्ये कुठेही लोडिंगचा पडदा न येता लॉस एंजेलिस गाठायचं. कोणाशी शर्यत न लावता एकट्यानेच हिंडायचं असलं, तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागायचीच. 31 मार्च 2024 ला ते सर्व्हर बंद झाले. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांची डिस्क नुसती तबकडी उरली. वर काही दिवसांनी लोकांच्या डिजिटल खात्यांमधून त्या गेमचा परवानाच काढून घेतला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी पुस्तक विकलेल्या दुकानदाराने घरी यावं, कपाट उघडावं, पुस्तक काखेत मारावं आणि जाता जाता कपाटालाही कुलूप लावून जावं, तशातला प्रकार.

रॉस स्कॉट नावाचा एक यूट्यूबर यावर पेटला आणि त्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना कायद्याची मागणी करता येते, त्यासाठी वर्षभरात दहा लाख सह्या लागतात. 2025 च्या मे-जूनपर्यंत मोहीम गारठली होती. मग एकाएकी वारं फिरलं आणि जुलैअखेर मुदत संपेपर्यंत आकडा चौदा लाखांवर गेला. पडताळणीत काही सह्या गळून गेल्यावरही बारा लाखांहून अधिक वैध ठरल्या. दुधाच्या भावासाठी नव्हे, पेन्शनसाठी नव्हे, बंद पडलेल्या गेमसाठी एवढी माणसं सही करतात हे बघून ब्रुसेल्समधल्या भल्याभल्यांना कान टवकारावे लागले.

या मोहिमेची मागणी नीट समजून घ्या, कारण ती मुद्दाम वाकडी करून सांगितली जाते. कंपनीने सर्व्हर जन्मभर चालवावेत असं कोणी म्हणत नाही. चालवणं परवडत नसेल तर बंद करा. पण बंद करताना, ज्याने पैसे मोजले त्याच्याकडे तो गेम कुठल्या तरी रूपात चालता राहील एवढं करून जा.

कंपन्यांची बाजू मी टाळ्यांसाठी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती बाजू मी रोज जगतो. आजचा ऑनलाइन गेम म्हणजे एक प्रोग्रॅम नसतो. लॉगिनची सेवा वेगळी, खेळाडूंच्या जोड्या लावणारी वेगळी, कोणाकडे कोणती तलवार आहे याची वही वेगळी, फसवेगिरी पकडणारी आणखी वेगळी. यातल्या बऱ्याच गोष्टी बाहेरच्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेल्या असतात. वापरायची परवानगी आपल्याला असते, वाटायची नसते. हा सगळा गाडा खेळाडूच्या हातात देऊन "घे, चालव" म्हणता येत नाही. युरोपातल्या प्रकाशकांच्या संघटनेने हेच मांडलं आहे. खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा कोण बघणार, बेकायदा मजकूर आला तर जबाबदार कोण, असेही त्यांचे प्रश्न आहेत, आणि ते पोकळ नाहीत.

एक युक्तिवाद मात्र मला पटत नाही, तो परवान्यांचा. गाड्या खऱ्या कंपन्यांच्या, गाणी खऱ्या गायकांची, करार संपले, म्हणून गेम गेला. करार संपला की नवी विक्री थांबते, हे मान्य. 'ॲलन वेक' हा गेम 2017 साली गाण्यांच्या परवान्यांपायीच दुकानातून उतरला आणि पुढच्या वर्षी नवे करार करून परत आला. मधल्या काळात ज्यांनी तो आधीच घेतला होता ते निवांत खेळत होते. विक्री थांबवणं आणि विकलेलं परत घेणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि वकिलांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं.

बाकी अडचणींचं म्हणाल, तर त्या सुटल्याचे दाखले आहेत. 'नॉकआउट सिटी' हा गेम 2023 च्या जूनमध्ये बंद झाला. छोट्या स्टुडिओने जाता जाता खासगी सर्व्हरवर चालणारी आवृत्ती फुकट देऊन टाकली. 'सिटी ऑफ हीरोज' 2012 साली बंद पडला, चाहत्यांनी तो चोरून जिवंत ठेवला, आणि 2024 च्या जानेवारीत मूळ कोरियन कंपनी एनसीसॉफ्टने त्यांच्यातल्याच एका गटाला रीतसर परवाना दिला. खुद्द युबिसॉफ्टने इतकी नाचक्की झाल्यावर 'द क्रू'च्या पुढच्या दोन भागांना ऑफलाइन खेळायची सोय देण्याचं जाहीर केलं. म्हणजे करता येतं. प्रश्न फक्त कधी ठरवता याचा आहे. पहिल्या महिन्यात ठरवलं तर सेव्ह फाईल कुठे ठेवायची, लॉगिन नसेल तर गेमने काय करायचं, सर्व्हरचा पत्ता कोडमध्ये गाडून टाकायचा की सेटिंगमध्ये ठेवायचा, एवढ्याच निर्णयांचं काम असतं. दहाव्या वर्षी, मूळ टीम पांगल्यावर, तेच करायला बसलं तर महिने जातात आणि पैसा द्यायला कोणी तयार नसतं.

तुमच्यातल्या काहींना वाटेल, जुने गेम कोण खेळतं? तुमच्या आईबाबांना विचारा. नव्वदच्या दशकात ज्यांनी गावातल्या कॉम्प्युटर क्लासची फी भरली, त्यांनी वर्डस्टार आणि बेसिकच्या नावाखाली नेमकं काय केलं ते सांगतील. काळ्या पडद्यावर 'प्रिन्स' टाईप करायचं, शेजारी 'मेगाहिट' जोडायचं म्हणजे लबाडीची कळ चालू, आणि सर यायच्या आत तळघरातून जितकं वर चढता येईल तितकं चढायचं. जॉर्डन मेक्नरने 1989 साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ॲपल टू यंत्रावर एकहाती लिहिला. राजपुत्राची ती लवचिक धाव म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची. त्याला पांढरे कपडे घालून पळायला लावलं, व्हिडिओ घेतला आणि चित्रामागून चित्र गिरवलं. त्या गेमचा मूळ सोर्स कोड मेक्नरकडेच नव्हता. वर्षानुवर्षं शोधला. 2012 साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या. जुनी यंत्रं जाणणाऱ्या लोकांनी जपून त्या वाचल्या, आणि कोड जगासाठी खुला झाला. उद्योगाच्या इतिहासातला एवढा मोठा ठेवा वाचला तो एका म्हाताऱ्या माणसाला खोकी टाकून देण्याची सवय नव्हती म्हणून.

त्या खोक्याइतकंच श्रेय, स्पष्ट बोलतो, चोरट्या प्रतींनाही जातं. मूळ खोकं आणि पुस्तिका आपल्याकडे कोणी पाहिली होती? मी चोरीची वकिली करत नाही. तुमचा पहिला गेम बाजारात आल्यावर चोरी म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात कळेल. पण अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली मोजदाद केली, तेव्हा तिथल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के बाजारात रीतसर मिळतच नाहीत असं दिसलं. हा आपल्या धंद्याचा जमाखर्च. जे पैसे देऊन मिळत नाही, ते लोक कुठून आणतात हे विचारण्याचा अधिकार आपण थोडा गमावला आहे.

प्रिन्सचं आणखी एक प्रकरण आपल्या दाराशी घडलं. 'सँड्स ऑफ टाइम' या 2003 च्या भागाची नवी आवृत्ती 2020 साली जाहीर झाली, ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंनी बनवायची होती. ट्रेलरवर जगभर टीका झाली, 2022 मध्ये काम माँट्रियलला गेलं, आणि 2026 च्या जानेवारीत ते कायमचं गुंडाळलं गेलं. इथल्या मुलामुलींची वर्षं त्यात आहेत. गोपनीयतेच्या करारामुळे त्यातलं एक दार, एक पायरी त्यांना स्वतःच्या पोर्टफोलिओत लावता येत असेल असं मला वाटत नाही. नोकरीचा कागद पुढे आला की पगाराचा आकडा बघून झाल्यावर ते कलमही वाचा. गेम रद्द झाला तर मी केलेलं काम कोणाला दाखवू शकतो, एवढं विचारायला हरकत नसते. उत्तर बहुधा नाही असंच येतं, पण विचारणारे वाढले की उत्तरं बदलतात.

पुण्यात हा विषय बोलायला मला संकोच वाटत नाही, कारण नव्या कलेचा जुना माल टाकाऊ नसतो हे या शहराला आधीच शिकावं लागलं आहे. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, 1931 च्या मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. लोटालोट झाली. आज त्याची एकही प्रत कोणाकडे नाही. मूकपटांचं तर विचारूच नका. 1964 साली इथे चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर नावाचा माणूस गावोगाव फिरून रिळं गोळा करायला लागला, तोवर पुष्कळसं वितळून, जळून, भंगारात जाऊन संपलं होतं. तरी फिल्म परवडली. ती पत्र्याच्या डब्यात मिळते, उन्हात धरली तर चित्र दिसतं. ज्या गेमचा अर्धा भाग सर्व्हरवर होता, त्याचं असं काही उरतच नाही. नायरांसारखा माणूस उद्या जन्मला तरी त्याने काय गोळा करायचं?

काल संध्याकाळी तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचं प्रदर्शन बघितलं. एका टेबलावर दशावतारावरचा गेम होता. संकासुराचा काळा झगा, रात्रीच्या दिव्यांत हलणाऱ्या सावल्या, मृदंगाच्या ठेक्यावर मारायचे वार. मी खूश होऊन लॅपटॉपपाशी बसलो, तर पहिल्याच पडद्यावर लॉगिन, आणि लॉगिन होईना. मुलांनी सांगितलं, गुणतालिकेसाठी एका क्लाउडची फुकट योजना घेतली होती, तिची मुदत परवाच संपली. गेम एकट्याने खेळायचा आहे. गुणतालिका ही त्यातली सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट. तिच्यासाठी संकासुर दाराबाहेर ताटकळत उभा! ते चौघं इथेच बसलेत. नावं घेत नाही, पण त्यांच्या शेजाऱ्यांनी हसू नये, कारण मी मोजत गेलो नाही तरी असे प्रकल्प एका टेबलापुरते नव्हते.

यात त्यांचा दोष किती? ट्यूटोरियल तसंच शिकवतात. पहिला धडा लॉगिन, दुसरा धडा क्लाउड, आणि गेम तिसऱ्या धड्यात. 'द क्रू' बनवणाऱ्यांनीही काही कोणाचं वाईट करायचं म्हणून तसा बनवला नसेल. त्या काळात सगळं ऑनलाइन असणं हीच प्रगती वाटत होती.

म्हणून विभागप्रमुखांशी मी कालच बोललो. पदवीच्या प्रकल्पांची एक चालती प्रत आणि सोर्स कोड ग्रंथालयात ठेवायला त्यांनी होकार दिला आहे. अट एकच, इंटरनेटची वायर काढलेल्या यंत्रावर गेम सुरू झाला पाहिजे आणि शेवटपर्यंत खेळता आला पाहिजे. पुढच्या बॅचपासून हा नियम असेल. तुम्हाला सक्ती नाही, पदवी आज मिळणारच आहे. पण लॅब पाच वाजेपर्यंत उघडी ठेवली आहे, आणि दशावताराच्या टीमला ते लॉगिन काढायला माझ्या अंदाजाने तासभर पुरेल. फोटो काढून झाले की या. मीही तिथे आहे, मला पहिली लेव्हल बघायची आहे.