समुद्रांतील अंगण

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर, जेथून किनारा कोणत्याहि दिशेस दिसत नाहीं, तेथें समुद्रतळांत पाय रोवून तेलविहिरींचे लोखंडी फलाट उभे आहेत. ह्या ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रांत १९७४ सालीं तेल सांपडलें आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालें. तेथील कामगारांची ने-आण मुख्यतः हेलिकॉप्टरनें होते. त्याकरितां फलाटाच्या माथ्यावर एक सपाट अंगण राखलेलें असतें. त्यास हेलिडेक म्हणतात. पातीं फिरत असतां हेलिकॉप्टरची एकंदर लांबी जेवढी भरते, साधारणतः तेवढ्याच व्यासाचें हें अंगण असतें.

इतक्या चिमुकल्या जागीं उतरणें हें केवळ वैमानिकाच्या कौशल्याचें काम, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हेलिडेकची सुरक्षितता पोलादाइतकीच त्याच्या भोंवतालच्या रिकामेपणावर अवलंबून असते. वर्तुळाच्या ३६० अंशांपैकीं निदान २१० अंशांची बाजू उंच अडथळ्यांपासून मोकळी असावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ऐन वेळीं इंजिनानें दगा दिला, तर निसटून जाण्यास वाट हवी ना?

दिसणारा अडथळा एक वेळ टाळतां येईल; न दिसणाऱ्याचें काय? फलाटावरील वीज निर्माण करणाऱ्या टर्बाइनांच्या धुराड्यांतून तप्त वायु बाहेर पडतो. तापलेली हवा विरळ होते. तींत इंजिनाचें बळ घटतें व पात्यांची उचलहि कमी पडते. म्हणूनच ब्रिटनमधील मार्गदर्शिका भोंवतालच्या हवेहून २ अंश सेल्सियसपेक्षां अधिक झालेली वाढ दखल घेण्याजोगी मानते. शिवाय उंच बांधकामावर आदळलेला वारा पलीकडे भोंवरे निर्माण करतो, तें वेगळेंच.

ह्या रिकामेपणाची राखण करणारा मनुष्य म्हणजे हेलिडेकवरील अधिकारी. हेलिकॉप्टर येण्यापूर्वीं तो जवळील क्रेन थांबवितो, एखादें सुटें ताडपत्रीचें तुकडेंहि उचलावयास लावतो, अग्निशामक पथक सज्ज ठेवतो. शंका आल्यास ‘उतरूं नये’ अशी खूण करणें, हेंहि त्याचें कर्तव्य होय.

तें कर्तव्य किती मोलाचें आहे, हें २८ जून २०२२ च्या दुर्घटनेची आठवण झाली म्हणजे कळतें. त्या दिवशीं बॉम्बे हाय येथें एक हेलिकॉप्टर उतरण्याच्या ठिकाणाजवळच समुद्रांत पडलें. त्यांत नऊजण होते. पाण्यावर तरंगण्याकरितां असलेले फुगे उघडूनहि चौघे दगावले. समुद्र चुकीला फार थोडी सवलत देतो.

हेलिकॉप्टर परत फिरलें, कीं काम खोळंबतें, पाळी संपवून घरीं निघालेला मनुष्य आणखी एक रात्र समुद्रावर काढतो, कुरकुरहि होते. ती कुरकुर सोसून नकार देणाऱ्याचें यश मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. सुखरूप परत फिरलेल्या हेलिकॉप्टरची बातमी वर्तमानपत्रांत कधीं येत नसते.