घरच्या मराठीत उभं राहताना

इंदूरची आमची मुलं वक्तृत्वस्पर्धेसाठी पुणेरी वळणाचं भाषण पाठ करतात. एक शब्द निसटला की सगळंच अडतं. 'आमच्या मराठीत हिंदी येऊन जाते, लोक हसतील,' हे त्यांचं खरं भय. मी त्यांना नारदीय कीर्तनाला पाठवतो. कीर्तनकार आरंभीच श्रोत्यांकडून नामघोष करवून घेतो. त्याच्याबरोबर सभेचाही कंठ मोकळा होतो. मध्यंतरात बुक्का लागेपर्यंत कोण डुलतंय, कोण पेंगतंय, हे त्याने हेरलेलं असतं. उत्तररंगातलं आख्यान मग तो त्या मानाने फुलवतो किंवा आवरतं घेतो. (पाठांतर त्याचंही दांडगं असतं, बरं का!) तेव्हा मुद्दे पाठ करा, वाक्यं नकोत. पहिली दोन वाक्यं तर घरी बोलता तशीच बोला, पहिल्या रांगेतल्या आजींकडे पाहून. त्याही 'भाजी घेऊन राहिले' असंच म्हणतात.